टॅक्सवाल्या काकूंचा बुधवार

आमच्या घराला दोन दारं आहेत. पुढचं पाहुण्यांचं आणि गॅरेजच्या बाजूचं टॅक्स भरणाऱ्यांचं. बाजूच्या दारावर माझ्या बायकोच्या नावाची पितळी पाटी आहे. पुढच्या दारावर कोणाचीच नाही. घराचे हप्ते मी फेडले, बर्फ मी उपसतो, गटारं मी साफ करतो, आणि पाटी कोणाची तर हिची. मी हे बोलून दाखवलं की ती म्हणते, "तुम्ही निवडणूक लढवा, मग तुमची लावू."

माझी बायको अहिल्या आमच्या गावाची टॅक्स कलेक्टर आहे. हे नागपूरला माझ्या बहिणीला कळलं तेव्हा तिने अख्ख्या कॉलनीत सांगितलं की वहिनी अमेरिकेत कलेक्टर झाल्या. लोकांनी लाल दिव्याची गाडी, बंगला, दारात शिपाई, सगळं डोळ्यांसमोर आणलं. मीही दोन वर्षं कोणाचा गैरसमज दूर केला नाही. खरं सांगायचं तर शिपाई मीच.

आमचं गाव पेनसिल्वेनियातलं, डोंगराच्या पायथ्याचं. वर कॉलेज, खाली आम्ही. इथल्या पद्धतीप्रमाणे गावातला कर गोळा करणारं माणूस लोक मत देऊन निवडतात, आणि ते माणूस आपल्या घरूनच काम करतं. तेव्हा अहिल्येचं ऑफिस म्हणजे आमची जेवणाची खोली. खिडकीकडे तिचं टेबल, आतल्या बाजूला जेवणाचं टेबल, मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. पडद्याच्या अलीकडे सरकार आणि पलीकडे वरणभात. दुपारी मी लोणच्याची बरणी आणायला उठलो तर एखादी अमेरिकन म्हातारी पर्स उघडून उभी असते, आणि मला तिला हाय म्हणावं लागतं.

घरांवरचा कर असतोच. पण त्याशिवाय गावात राहणाऱ्या दर प्रौढ माणसामागे वर्षाला दहा डॉलर असा एक कर आहे. दहा डॉलर म्हणजे इथे दोन कॉफ्या. पण त्यावरून जी भांडणं मी पडद्याआडून ऐकली आहेत तेवढी कोणत्या इस्टेटीवरून झाली नसतील. कारण कॉलेजात पूर्ण वेळ शिकणाऱ्याला सूट आहे. आणि पदवी मिळाली की सूट संपली.

हे पोरांच्या डोक्यात शिरत नाही. चार जण एका घरात राहतात. एक पास होतो. तो तिथेच राहतो, त्याच खोलीत, त्याच गादीवर, भांडी घासायची पाळीसुद्धा तीच. मग एक दिवस त्याच्या एकट्याच्या नावाने बिल येतं आणि तो तणतणत बाजूच्या दाराशी हजर होतो.

"पण हे स्टुडंट हाउस आहे!"

"घर स्टुडंट नसतं, माणूस असतो," अहिल्या सांगते. इंग्रजीत सांगते, पण आवाज मिरजेचा असतो.

"माझे तिन्ही रूममेट स्टुडंट आहेत."

"त्यांची सूट त्यांच्यापाशी. तू मे महिन्यात पास झालास ना? अभिनंदन. चेक देतोस का कॅश?"

एकाला नोकरी लागली नव्हती, तो रडवेला झाला होता. त्याला तिने कमाई नसलेल्यांसाठी वेगळा अर्ज असतो तो काढून दिला, शेजारी बसून भरून घेतला, पाणी दिलं. पण कागद घेतल्याशिवाय सोडलं नाही. विद्यार्थी म्हणून सूट हवी तर कॉलेजचं पत्र. कॉलेजच्या एका प्रोफेसरबाई स्वतःच्या मुलासाठी आल्या होत्या, म्हणाल्या, मी शिकवते तिथे, माझा शब्द घ्या. हिने शब्द घेतला नाही. बाई पुढच्या आठवड्यात पत्र घेऊन आल्या.

मी म्हणायचो, "अगं, दहा डॉलर आहेत."

ती म्हणायची, "म्हणूनच. दहा डॉलरला मी डोळा मारला तर हजाराला काय करीन असं लोक म्हणतील."

तिचं हे पद मला कधीकधी डोईजड व्हायचं, पण ते तिला काय आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. लग्न होऊन आली तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आली. नोकरी करायची परवानगी नाही. एम.कॉम.ला विद्यापीठात नंबर आलेली बाई, आणि मी सिमेंटच्या कारखान्यातून आलो की माझ्या बुटांवरची पावडर झाडायची. तेव्हा मला ते काही वाटत नव्हतं. आता वाटतं. आमची आन्या शाळेत जायला लागली तशी ही लायब्ररीत पुस्तकं लावायला जायला लागली, मग जुन्या टॅक्स कलेक्टर बाईंची पाकिटं चिकटवायला. पुढे नागरिकत्व मिळालं. त्या बाई निवृत्त झाल्या आणि त्या जागेला कोणी उभंच राहिलं नाही. तेव्हा हार्डवेअरच्या दुकानवाल्या डगने गल्लीत सांगितलं, मतपत्रिकेवर अहिल्येचं नाव हाताने लिहा. लोकांनी लिहिलं. मूठभर मतांनी का होईना, निवडून आली.

त्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "अहो, या देशात सगळं तुमच्यामुळे मिळालं. हे एक माझं आहे." मी हसण्यावारी नेलं, पण मला ते लागलं होतं.

आता बुधवार.

अहिल्येचे वडील, आप्पा, घरचे गरीब. शिकायला मिरजेत आले ते वार लावून जेवले. म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे वार गावातल्या घरांनी वाटून घ्यायचे आणि परगावच्या मुलाला जेवू घालायचं. आप्पांना सहाच घरं होती. बुधवार रिकामा. बुधवारी ते पाणी पिऊन अभ्यास करायचे. हे आप्पा मला लग्नाच्या बोलणीतच सांगून मोकळे झाले होते. मला वाटलं जावयाला अन्नाची किंमत शिकवताहेत.

आम्ही या गावात स्थिरावलो, डोंगरावरच्या कॉलेजात मराठी पोरं दिसायला लागली, तेव्हा अहिल्येने ठरवलं की आपण एक वार घ्यायचा. कोणता हे विचारायची गरजच नव्हती.

कॉलेजच्या उताराला एक पिवळं घर आहे. कोणत्या तरी बॅचच्या मराठी मुलांनी ते भाड्याने घेतलं आणि तेव्हापासून ते मराठी हातांतून मराठी हातांत जातं. पुणे, नागपूर, अकोला, ठाणे, सगळे तिथे एकाच फ्रिजवर भांडतात. ती पोरं बुधवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला. वरण, भात, पोळ्या, एक फळभाजी, एक पालेभाजी, कोशिंबीर. गोड काहीतरी. पिझ्झा नाही, पाव नाही. ताट स्वतः उचलायचं नाही, वाढेल तसं जेवायचं, आणि अहिल्या "अजून घे" म्हणाली की नाही म्हणायचं नाही.

नियम एकच. वार विद्यार्थ्याचा. पास झालं की बुधवार संपला. शेवटच्या बुधवारी ती त्या मुलासाठी पुरणपोळी करते आणि दारात सांगते, "आता कमावता होशील, आता तू कोणाला तरी जेवू घाल." पोरं रडतात. एक तर सदाशिव पेठेतला असून रडला.

आणि मग आला सिद्धेश.

सिद्धेश वानखडे, अकोल्याचा. कारखान्यातली यंत्रं आपोआप कशी चालवायची याचं शिक्षण घ्यायला आलेला. बोलायला कमी. जेवण झालं की बाकीचे सोफ्यावर पसरायचे, हा कढया घासायचा. माझा बर्फ उडवायचा पंखा बंद पडला होता, तो त्याने गॅरेजमध्ये जमिनीवर उघडून ठेवला आणि तीन बुधवार त्यावर घालवले. दुसरा असता तर मी ओरडलो असतो. हा शेजारी बसून मला प्रत्येक स्क्रू काय करतो ते सांगत होता, आणि मीही त्याला कारखान्यातल्या गोष्टी सांगत होतो. मला पोरगा असता तर, असं मी म्हणणार नाही, आन्या वाचेल. पण जीव जडला होता.

यंदा मे महिन्यात तो पास व्हायला हवा होता. अहिल्येने हरभऱ्याची डाळही आणून ठेवली होती. पण तो काही बोलला नाही. जूनमध्ये तीच पाठीवरची सॅक घेऊन आला. आम्ही विचारलं नाही. एखादा विषय राहिला असेल, घरच्यांची बोलणी खाल्ली असतील, आपण कशाला जखमेवर मीठ चोळा. उन्हाळा गेला. उन्हाळ्याअखेर अहिल्येने बिलं काढली, सूट मिळणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी गावच्या कौन्सिलकडे दिली, कौन्सिलने मंजूर केली.

ऑक्टोबरातला बुधवार होता. चार पोरं जेवायला बसली होती. सिद्धेश, हिमानी नावाची ठाण्याची एक चुणचुणीत मुलगी, आणि दोघं नवे. अहिल्या आमटीला फोडणी देत होती. बाजूच्या दाराची घंटा वाजली. डग. हा डग दर वर्षी मुदत संपता संपता येतो, आणि मुद्दाम बुधवारी, वासाला. अहिल्या हात पुसत पडद्याबाहेर गेली, त्याचा चेक घेतला, पावती दिली. तेवढ्यात डगने पडद्यातून डोकं आत घातलं.

"काय शिजतंय आज? अरे! सिड, तू इथे?"

सिद्धेशचा घास हातातच राहिला.

"अहिल्या, हा पोरगा हिरा आहे हिरा!" डगला कशाचा पत्ता नव्हता, तो आपला खुशीत. "शेजारच्या गावच्या पाणीपुरवठ्यावर जूनपासून कामाला आहे. मी तिथे व्हॉल्व्ह पोचवतो ना. पंपाचं पॅनल दोन वर्षं कोणाला जमलं नव्हतं, याने जमवलं. तिथले सगळे खूष आहेत याच्यावर." मग माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. "याला दहा डॉलरचं बिल पाठवलंस ना गं? का इथे जेवणाऱ्यांना सगळं माफ?"

आणि मोठ्याने हसून, मला टाटा करून गेला.

मला वाटलं आता अहिल्या काहीतरी बोलेल. ती आत आली, भाताचं भांडं घेतलं आणि सिद्धेशच्या पानात वाढलं. "तूप घे," म्हणाली. त्याने घेतलं. हिमानी ताटातल्या मिरच्या वेगळ्या काढत बसली, म्हणजे हिला ठाऊक होतं. नव्या दोघांना काही कळलं नाही, ते गुलाबजाम किती घ्यावेत या विचारात होते.

सगळे उठले तेव्हा अहिल्या म्हणाली, "सिद्धेश, तू थांब."

मीही थांबलो. माझं घर आहे.

"कधी पास झालास?"

"मे महिन्यात, काकू."

"आणि नोकरी?"

"जूनमध्ये. पहिल्या आठवड्यात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

तो खाली बघून म्हणाला, "सांगितलं असतं तर पुरणपोळी केली असती तुम्ही."

तोच पुढे म्हणाला, "जेवणाचं नाही हो काकू. पगार चांगला आहे, कुठेही जेवू शकतो. पण तिथे ट्रे घ्यायचा, खायचा, ट्रे ठेवायचा. कोणी अजून घे म्हणत नाही. दर बुधवारी ठरवायचो, आज सांगायचं. तुम्ही वाढायला लागलात की राहून जायचं." मग घाबराघुबरा होऊन म्हणाला, "टॅक्सचं खरंच माझ्या लक्षात नाही आलं. मी कुठे खोटं लिहून दिलेलं नाही."

"नाही," अहिल्या म्हणाली. "मी लिहिलं. गावातल्या प्रत्येक पोराकडून मी कॉलेजचं पत्र घेतलं. पिवळ्या घराकडून नाही घेतलं. बुधवारी येतात म्हणजे शिकतातच, असं मी धरून चालले. तुम्हाला कधी विचारलंच नाही."

मी नाक शिंकरायला आत गेलो. सर्दी होती.

पुढच्या सोमवारी कौन्सिलची बैठक. ही जायला निघाली, मी गाडी काढली. वाटेत बजावलं, "उगीच ताणू नकोस. चूक झाली, दुरुस्त केली, एवढंच सांग." बैठकीला नेहमीची सात टाळकी होती. एक बाई रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो घेऊन आल्या होत्या. अहिल्या उभी राहिली आणि सरळ सांगितलं की एका पदवीधराचं नाव मी विद्यार्थी म्हणून यादीत घातलं, तो दर आठवड्याला माझ्या घरी जेवतो, मी त्याच्याकडे आणि तो राहतो त्या घरातल्या कोणाकडेच पुरावा मागितला नाही, ती चारही नावं पुन्हा तपासायला घ्या.

अध्यक्षांनी चष्मा वर केला. "अहिल्या, दहा डॉलर?"

लोक हसले, वाईट नाही, आपुलकीने हसले. मागून डग उठला, लालबुंद झाला होता. म्हणाला, मी आपली गंमत केली होती, या बाईसारखं प्रामाणिक माणूस गावात नाही, माझ्या दुकानाची किल्ली मी हिच्याकडे ठेवतो. टाळ्यासुद्धा झाल्या. मग खड्ड्याचा विषय निघाला.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "सुटलो बुवा एकदाचे."

अहिल्या म्हणाली, "अहो, मी बुधवार बंद करतेय."

मी गाडी बाजूला घेतली. मला राग आला की मी गाडी चालवत नाही, डॉक्टरने सांगितलंय.

"डोकं फिरलंय का तुझं? कोणी बोललं का काही? टाळ्या वाजवल्या तुझ्यासाठी!"

"उद्या कोणी बोलेल म्हणून नाही. मी ज्यांना सूट द्यायची का नाही ते ठरवते, त्यांना जेवायलाही घालते. दोन्ही नाही चालत. चालत नाही हे सिद्ध झालं की नाही? मला स्वतःलाच दिसलं नाही काही."

"मग टॅक्स सोड! खड्ड्यात गेलं ते पद. बारा वर्षं केलंस, पुरे झालं. लोकांच्या दहा-दहा डॉलरच्या कटकटी! बुधवार आप्पांचा आहे. आप्पांचा वार बंद करणार तू?"

मी जरा मोठ्यानेच बोललो असेन.

"आप्पांचा बुधवार रिकामा का होता, माहितेय तुम्हाला?"

"सातवं घर मिळालं नसेल."

"मिळालं होतं. पहिलं वर्षभर होतं. बापट मास्तरांचं. आप्पा म्हणायचे, सगळ्यात चवीचं जेवण तिथलं, ताकाची कढी तर तशी पुन्हा कुठे खाल्ली नाही. दुसऱ्या वर्षी बापट मास्तर त्यांच्याच वर्गाला गणित शिकवायला आले. पेपर तेच तपासणार. आप्पांना गणितात पैकीच्या पैकी पडले आणि आप्पांनी तिथे जाणं सोडलं. कोणी एक शब्द बोललं नव्हतं. मास्तरीणबाई निरोपावर निरोप धाडायच्या, पोरा ये म्हणून. नाही गेले. मॅट्रिक होईपर्यंत बुधवारी उपाशी राहिले."

हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी तो बुधवार गरिबीचा समजत होतो.

"जेवणारा चौदा वर्षांचा होता, तो उठला," अहिल्या म्हणाली. "इथे पेपर तपासणारी मी आहे. मीच उठायला हवं."

"मग पदावरून ऊठ ना."

"चूक करून पद सोडलं तर ते पळून जाणं झालं. आणि मला नाही सोडायचं." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "मला आवडतं ते. ती पाटी आवडते मला. पोरांना वाढायला दुसरं कोणी मिळेल, हे दुसरं मला कुठून मिळणार? मी का सोडू?"

मग ती रडली. कार बाजूला लावलेली, मागून येणारे हॉर्न देतायत, आणि माझी बायको रडतेय. मी म्हटलं, नको सोडू बाई, काहीच नको सोडू. पण ते काही होण्यातलं नव्हतं, एवढं मलाही कळत होतं.

आन्याला फोन केला. ती सनीव्हेलला असते. मला वाटलं ती आईला समजावेल. सगळं ऐकून म्हणाली, "बाबा, शी इज राइट. अँड आय हेट इट." माझ्या घरात मला कोणी वाली नाही.

सिद्धेशचं बिल गेलं, मधल्या दिवसांत मुदत टळली म्हणून उशिराच्या दंडासकट. शनिवारी तो बाजूच्या दाराने आला. एरवी तो पुढच्या दाराने यायचा, चपला काढून थेट स्वयंपाकघरात. त्या दिवशी बूट घालून टेबलासमोर उभा. अहिल्येने पैसे घेतले, शिक्का मारला, पावती फाडली.

"थँक यू, मिस्टर वानखडे."

मी पडद्यामागे होतो. मला ते ऐकवलं नाही.

तो गेला नाही. म्हणाला, "काकू, हिमानीने सांगितलं मला. बुधवारचं. माझ्यामुळे झालं."

"तुझ्यामुळे नाही झालं. उघडं पडलं, इतकंच."

"तुम्ही म्हणता ना सगळ्यांना, कमावता झालास की कोणाला तरी जेवू घाल. मी अजून पिवळ्या घरातच राहतो. दोन नवीन पोरं आली आहेत, त्यातला शार्दूल नुसत्या मॅगीवर आहे." त्याने एकदम श्वास घेतला. "बुधवार मला द्या."

अहिल्येने शिक्का बाजूला ठेवला. "वरण येतं?"

"नाही."

"पोळ्या?"

"नकाशे होतात."

"मग?"

"काका शिकवतील म्हणाले."

मी असं काही म्हणालो नव्हतो. पण पडद्यामागून म्हटलं, "हो, म्हणालो होतो."

मोठा कुकर, पोळपाट, लाटणं द्यायचं ठरलं. तर त्यावरही हिचा विचार सुरू झाला, आपण दिलेलं चालेल का, त्या घरात सूट मागणारे तिघं आहेत. शेवटी तोडगा निघाला. "अहो, कुकर तुमच्या पैशांनी घेतलेला आहे. तुमचा आहे. तुम्हीच द्या." संसारात पहिल्यांदा एखादं भांडं माझं निघालं.

तीन आठवडे मी पिवळ्या घराच्या स्वयंपाकघरात उभा होतो. मला तरी कुठे येत होतं? इतकी वर्षं मी शेजारच्या टेबलावर बसून जेवलोय, शिकलो काहीच नाही. घरी यायचो आणि सहज विचारल्यासारखं विचारायचो, डाळीला पाणी किती, हिंग आधी का हळद आधी. ती नवऱ्याला सांगायची. नवऱ्याला सांगायला कोणाची मनाई नाही.

पहिला बुधवार ठरला. मला आमंत्रण होतं. अहिल्येला नव्हतं, म्हणजे पोरांनी हात जोडून केलं होतं, हिने नाही म्हणून सांगितलं. मी म्हटलं मग मीही नाही जात. "जा," ती म्हणाली, "वाढणारा कोणीतरी मोठा हवा."

गेलो. जमिनीवर चादर अंथरली होती. हिमानीने कोशिंबीर केली होती, सिद्धेशने बाकी सगळं. पोळ्या खरंच नकाशे होत्या. शार्दूल म्हणजे बारकं, चष्मेवालं पोर, पहिल्या घासाला थबकलं आणि मग खाली मान घालून जेवत सुटलं. सिद्धेश बसला नाही. सगळ्यांमध्ये वाकून वाढत फिरत होता. निघताना त्यांनी माझ्या हातात चार पुडांचा डबा दिला. काकूंसाठी.

घरी आलो तर ही तिच्या ऑफिसच्या टेबलावर दिवा लावून पाकिटं उघडत बसली होती. मी डबा समोर ठेवला.

"काय हे?"

"पोरांनी पाठवलंय तुला."

"परत द्या."

"अगं, वरण आहे! लाच नाही."

"उद्या परत द्या." हात नाही लावला.

मी तिथेच खुर्ची ओढली आणि डबा उघडला. म्हटलं, मला तर चालतो ना, मग मी खातो. पोटाला तडस लागली होती तरी खायला लागलो.

"वरण कसं झालंय?" तिने पाकिटावरून नजर न काढता विचारलं.

"मीठ कमी आहे."

"चाखून बघितलं नसेल. पोळ्या?"

"जाड. पण कच्च्या नाहीत."

"शार्दूल जेवला का?"

"तीन पोळ्या. दोनदा भात."

ती थांबली. "अजून घे म्हणालं का कोणी त्याला?"

"सिद्धेश म्हणाला. तो नको म्हणत होता तरी वाढला."

तिने मान हलवली. डोळे भरून आले होते, पण हसत होती. मला बरं वाटलं. मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेलो. ओटा कोरडा होता. गॅसवर काही नव्हतं, सिंकमध्ये ताट नव्हतं, सकाळची कपबशी तेवढी उपडी घातलेली.

मी पडद्यापाशी येऊन विचारलं, "तू काय जेवलीस?"

"आज बुधवार आहे," अहिल्या म्हणाली, आणि तिने पुढचं पाकीट उघडलं.